शिवरामचा ठिपका

डोंबिवलीचे सुधीर गद्रे निवृत्त झाले आणि घरच्यांच्या मानगुटीवर बसले. आधी मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, मग चपलांच्या कपाटावर. शेवटी मुलाने, साकेतने, त्यांना लॅपटॉपवर टिपणं ठेवायचं एक ॲप घालून दिलं, तेव्हा कुठे बायकोचं, सरोजताईंचं, स्वयंपाकघर सुटलं.

त्या ॲपमध्ये प्रत्येक टिपण म्हणजे पडद्यावर एक ठिपका. दोन टिपणं जोडली की मध्ये रेघ उमटते. एका विषयाची टिपणं ज्या मुख्य टिपणाखाली लावायची, त्याला सुधीरराव सूची म्हणत. कोलशेतच्या ज्या सरकारी रंगकारखान्यात त्यांची हयात गेली, त्याच्या जागी आता टॉवर उभे आहेत. जुन्या सहकाऱ्यांचा मेळावा ठरला होता आणि तिथे कारखान्याचा सगळा इतिहास ठिपक्यांत दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

पण त्याआधी तो इतिहास शिवराम रोकडेने पाहायला हवा होता. प्रयोगशाळेत दोघांची टेबलं समोरासमोर. पुलांना लावायचा, न गंजणारा निळा रंग त्या दोघांनी मिळून बसवला. खरं सांगायचं तर शिवराम नसता तर तो बसलाच नसता. मेळाव्यात त्या रंगाची गोष्ट दोघांनी मिळून सांगायची असं ठरलं होतं. म्हणून रविवारी शिवराम आणि त्याची बायको शालनताई आंबिवलीहून आले.

पोहे झाले. टीव्हीवर ठिपक्यांचं जाळं उमटलं आणि सुधीररावांची छाती फुगली.

"यातली एकही रेघ मशीन काढत नाही बरं का. एकेक मी विचार करून जोडलीय."

"मस्तच रे," शिवराम म्हणाला. "मी कुठाय यात?"

सुधीररावांनी नाव टाइप केलं. बाकीचे ठिपके पुसट झाले, एक उजळला. त्याला एकच रेघ होती, आणि ती 'राखीव जागा' या सूचीला जाऊन मिळत होती. निळा रंग दूर, 'माझी कामं' या सूचीखाली होता. 'मित्र' अशीही एक सूची होती. तिच्यात कँटीनचे बाबुरावसुद्धा होते.

सुधीररावांचे कान तापले. भरतीचं टिपण लिहिताना शिवरामचं नाव हातासरशी तिथे पडलं होतं, आणि इतक्या दिवसांत ते दुसऱ्या कशाला जोडावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. शालनताई टीव्हीकडे बघत होत्या. सरोजताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. धरणी दुभंगेल तर बरं, असं सुधीररावांना झालं.

"हे आपोआप जोडलं गेलं असेल," शिवराम म्हणाला.

"हो," सुधीरराव म्हणाले. "होतं कधी कधी तसं."

"असेल," म्हणून शिवरामने चहा घेतला. मग शालनताईंच्या गुडघ्यांचा विषय निघाला आणि तोच जाईपर्यंत पुरला.

पाहुणे गेल्यावर सुधीरराव लॅपटॉपला चिकटले. शिवरामला निळ्या रंगाशी जोडलं, प्रयोगशाळेशी जोडलं, 'मित्र' सूचीत घातलं. ठिपका सरकत सरकत जाळ्याच्या मधोमध आला.

"आता कुणाला दाखवताय?" सरोजताईंनी विचारलं, आणि कपबशा उचलून त्या आत गेल्या.

सुधीररावांचा हात थांबला. केलेल्या चुकीपेक्षा नंतरच्या त्या 'हो'ची त्यांना जास्त लाज वाटत होती. बराच वेळ फोन हातात धरून बसल्यावर त्यांनी तो लावला.

"शिवराम, मघाची ती रेघ आपोआप नव्हती आली. मी काढलेली."

"माहितीये. एकेक विचार करून जोडलीय, तूच म्हणालास ना."

"मग तसं का म्हणालास?"

"वहिनी होत्या ना समोर. तुला खाली बघावं लागलं असतं."

सुधीररावांच्या मनात आलं, आपण याला कुठल्या रकान्यात टाकलं, आणि हा मात्र आपल्याच घरात, आपल्याच बायकोसमोर आपली अब्रू सांभाळत बसला होता.

"मेळाव्याला येशील ना?" त्यांनी कसंबसं विचारलं. "निळ्या रंगाचं तू एकट्याने सांग. मी खाली बसून ऐकेन."



"बघतो," तो म्हणाला. "शालनला विचारतो. तिनेही पाहिलंय ना ते."