नाइट की निख्त

श्रीमंतांचं राज्य अजून चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. संगमावर टोपीकर इंग्रजांच्या वकिलाचा बंगला होता. तिथल्या डॉक्टरसाहेबांकडे मी दुभाषा म्हणून लागलो होतो. शनिवार पेठेतून रोज सकाळी पायी जायचो, आणि परत आलो की आई आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे. रोगी मराठीत कण्हायचे, मी ते साहेबांना हिंदुस्तानीत सांगायचो. फावल्या वेळात साहेबांनी मला इंग्रजी शिकवलं. माणूस मोठा प्रेमळ. मी एखादा शब्द नीट म्हटला की खुशीनं मेजावर थाप मारायचे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गारपिरावरच्या छावणीत, इंग्रजांच्या पलटणीतल्या एका कप्तानाकडे होते. दाणावैरणीची व्यवस्था पाहायचे. त्यांनीही कप्तानाकडून इंग्रजी उचललं होतं. आम्ही दोघं सोडून घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आमची परीक्षा घेणारंही कुणी नव्हतं. हे सुख दिवाळीपर्यंत टिकलं.

पाडव्याला भाऊजी जेवायला आले. वडिलांनी त्यांच्या पानात चिरोटा वाढायला लावला आणि कौतुकानं विचारलं, "काय हो जावईबापू, रात्रीला साहेब काय म्हणतो?"

"नाइट," भाऊजी म्हणाले.

"निख्त," मी म्हणालो. दोघं एकदमच बोललो होतो.

भाऊजींनी घास खाली ठेवला. "निख्त? शिंक आली का तुला?"

"त्या शब्दात मध्ये दोन अक्षरं असतात. ती घशातून काढायची. माझे साहेब काढतात."

"असतात, पण बोलत नाहीत. दरबारात चोपदार उभे असतात, ते सगळे बोलतात का?"

वडील खूश झाले. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, तरी निकाल तयार होता. "जावईबापू म्हणतात तेच बरोबर."

"का पण?"

"ते जावई आहेत म्हणून."

मी ताकभात न घेताच उठलो. बहीण मागोमाग ओटीवर आली. "अरे, एवढं काय त्यात? साहेबालाच विचारा की जाऊन."

सण उरकल्यावर आम्ही खरंच गेलो. आधी संगमावर. डॉक्टरसाहेब पडवीत हात धूत होते. मी विचारताच त्यांनी खणखणीत सांगितलं, "निख्त!" भाऊजींनी अदबीनं मुजरा केला आणि फाटकाबाहेर आल्यावर म्हणाले, "तुझ्या साहेबाचं इंग्रजी कच्चं आहे."

तिथून गारपिरावर. कप्तान म्हणाला, "नाइट." डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून हसला. डॉक्टरांचा मुलूख साहेबांच्या देशाच्या उत्तरेला, डोंगरांतला, तिकडचे लोक असंच बोलतात, म्हणाला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुमच्या साहेबाला अक्षरं गिळायची खोड आहे." मग घरापर्यंत आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चालत गेलो.

पुढे थंडीत कप्तानाला ताप भरला. डॉक्टरसाहेबांना बोलावणं आलं आणि पेटी घेऊन मीही त्यांच्याबरोबर गेलो. कप्तान बिछान्यावर लालबुंद होऊन पडला होता. उशाशी भाऊजी. त्यांचा चेहरा उतरला होता, दोन दिवस ते घरी गेले नव्हते. भांडण विसरून त्यांनी माझा हात धरला.

डॉक्टरसाहेब घाईत असले की त्यांची बोली आणखी दाट व्हायची. खाली वाकून त्यांनी विचारलं, "इज यर हीड सेर?"

कप्तानानं डोळे उघडले. "व्हॉट?"

डॉक्टरांनी तेच पुन्हा, मोठ्यानं विचारलं. कप्तानानं असहायपणे भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी माझ्याकडे.

"डोक्याचा शेर?" त्यांनी हळूच विचारलं. "कसला शेर?"

"डोकं दुखतंय का म्हणून विचारताहेत."

भाऊजी कप्तानाच्या कानाशी वाकून त्याच्या वळणाच्या इंग्रजीत बोलले. कप्तानानं मान हलवली, क्षीण आवाजात काही पुटपुटला. ते डॉक्टरांना कळेना. भाऊजींनी मला मराठीत सांगितलं, मी डॉक्टरांना त्यांच्या वळणानं. रात्री झोप लागली का, पाणी पोटात ठरतंय का, सगळं असंच. एका साहेबाचं इंग्रजी मराठीत उतरायचं आणि दुसऱ्या साहेबापर्यंत पुन्हा इंग्रजी होऊन जायचं. कुणी हसलं नाही. माणूस तापानं फणफणला होता.

औषध देऊन झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही दोघं मध्ये काय बोलत होता?"

"औषधाच्या वेळा ठरवत होतो," मी म्हणालो.

बाहेर चिंचेखाली येऊन बसल्यावर मात्र भाऊजींना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "सांगू नकोस कुणाला. आपल्या दोघांची चाकरी जाईल."

वडिलांना मी सांगितलंच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असो. कप्तानाचा ताप उतरला का?"

उतरला. आठवड्याभरात तो घोड्यावर बसू लागला. आणि भाऊजी सणावाराची वाट न पाहता आमच्याकडे येऊ लागले. ओटीवर बसून मी त्यांना माझ्या साहेबांचे शब्द सांगायचो, ते मला त्यांच्या साहेबांचे. आई आतून म्हणायची, "एकच भाषा दोनदा शिकताय. बराच वेळ आहे म्हणायचा."