काकांच्या नावावरची स्प्रिंग

सरकारी मालावर आमच्या भिंगारच्या शेजारच्या काकांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द सरकारनंही कधी केलं नसेल. काका लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर. तिथली रीत अशी, की ज्याच्या नावावर वस्तू निघाली त्यानं ती जिवापाड जपायची आणि मुदत संपली की धडधाकट जमा करायची. काकांनी ही रीत घरी आणली, गल्लीतही आणली. भर दुपारी रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला, की हातातली भाजीची पिशवी काकूंकडे देऊन ते थेट वायरमनच्या घराकडे सुटत. एसटीच्या सीटचं रेक्झिन फाटलेलं असलं तर ते आणखी उसवू नये म्हणून शेवगावपर्यंत त्यावर तळहात दाबून बसत. एकदा पोस्टातल्या दोरीला बांधलेल्या पेनानं मी जरा जोरात सही केली, तर मागून आवाज आला, "हळू रे, सरकारी हाय!"

अशा माणसाच्या छातीत कळ आली आणि पुण्याच्या सरकारी इस्पितळात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. स्टेंट हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. खर्च सगळा खात्याचा. काकूंनी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठेवली. काका मात्र चेहरा पाडून घरी आले. छातीवर हात ठेवून मला म्हणाले, "माझ्या नावावर इश्यू झालीय. परदेशी माल हाय, लई महाग. वाकडी झाली तर साहेबांना काय तोंड दाखवू?"

मला आधी हसू आलं. पण काका खरंच बदलले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तर दुधानं काठोकाठ भरलेलं पातेलं नेत असल्यासारखे चालायचे. शिंक आली तर दोन्ही हातांनी छाती धरायचे. रविवारी चर्चमध्ये गाताना ज्यांचा आवाज पेटीच्या वर चढायचा, ते नुसते ओठ हलवू लागले. त्यातच सुनेला मुलगी झाली. काकूंनी बाळ पुढे केलं, तर काका मागे सरकले. "नको, वजन पडंल." पोरगी रांगू लागली, त्यांच्यापुढे येऊन हात वर करू लागली. काका तिला एक बोट द्यायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. काकू एकदा आमच्या ओट्यावर बसून रडल्या. "लोक म्हणत्यात, मानूस वाचला. कुठं वाचला? कपाटात ठिवल्यागत झालाय."

पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. काका उठून ताठ उभे राहिले आणि विचारते झाले, "साहेब, ही जमा कधी करायची?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर पूर्वी लष्करी इस्पितळात होते. ते हसले नाहीत.

"काका, ही जमा होत नाही. तुमच्या स्टोअरात साबण, रंग, सुतळी असते ना? त्यातला माल आहे हा. वापरून संपवायचा."

"म्हंजे कन्झ्युमेबल?"

"कन्झ्युमेबल."

काकांनी छातीवर हात ठेवून विचारलं, "आन् न वापरता पडून राहिली तर?"

"तर सरकारचं नुकसान."

घरी पोचल्यावर काका चपलाही न काढता आत गेले आणि त्यांनी नातीला उचललं. तिला सवय नव्हती, तिनं घर डोक्यावर घेतलं. काकाही रडत होते. त्याच रविवारी त्यांनी असा सूर लावला, की पेटीवाल्यानं दचकून मागं पाहिलं.

गोळ्या मात्र त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. नातीला खांद्यावरून भिंगारचा सगळा बाजार दाखवला, पुढे शाळेत पोचवलं, तिला सायकल शिकवताना मागे धावले. ती चौथीत असताना एका दुपारी ते झोपेतच गेले. मला फार पोरकं वाटलं. आजही दिवसा जळता दिवा दिसला की माझे पाय वायरमनच्या घराकडे वळतात.

दफनभूमीतून परतताना काकूंनी माझा हात धरला होता. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "कायबी शिल्लक ठिवलं न्हाई बघ त्यांनी. समदं वापरून गेले."