बेटावरची चटई
इतवारीच्या बाजारात टेम्पोच्या डिझेलचा वास आला की मला धरणाच्या पाण्यातली ती मोटारबोट आठवते. मी लहान असताना सुट्टी म्हणून आई, बाबा आणि मी असे तिघं त्या धरणातल्या बेटावर गेलो होतो. घरी दिवसभर विणकामाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी आई झाडाखाली चटई टाकून जी झोपली, ती हललीच नाही. मी तिला उठवू लागले, तर बाबा म्हणाले, "झोपू दे तिले, बेट काई पळून नाही चाललं." परतीची बोट आली, तेव्हाही ते बोटवाल्याला म्हणाले, "अजून एक फेरी मारून ये गा." शेवटी आई उठली. गालावर चटईचे वळ होते. बोटीत बसताना मला म्हणाली, "बेट लय चांगलं होतं वं." तिनं त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. आता माझी मुलं विचारतात, सुट्टीत कुठं जायचं? माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती चटई येते.