रेणापूरची हुरडा पार्टी आणि मधला बांध

बाळूचा फोन आला, "सुमनताई, औंदा रानात हुरडा पार्टी ठेवलीय. बोर्डबी लावलाय. या." बाळू माझा मावसभाऊ, रेणापूरजवळ ज्वारी करतो. मी नांदेडला शाळेत इंग्रजी शिकवते. रविवारी पहाटेच निघाले.

नांदेड ते लातूर एसटीने जा. लोहा-अहमदपूरमार्गे साडेतीन-चार तास धरा. अहमदपूरला चहा घ्या, भजी टाळा. लातूरहून रेणापूरला गाड्या मिळतात. पुढे मातीचा रस्ता आणि बाळूची मोटारसायकल. पाठीची तक्रार असेल तर चालत गेलेलं बरं.

रानात गोवऱ्यांची आगटी पेटली होती. लातूरची आठ-दहा पाहुणेमंडळी भाजलेली कणसं चोळून खात होती. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. बांधापलीकडे बाळूचे थोरले भाऊ, विठ्ठलअण्णा, गोफण घेऊन पाखरं हाकत होते. वाटणी झाल्यापासून सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

एका पाहुण्याने विचारलं, "मॅडम, हे पार्टी म्हणजे नेमकं काय हो? राजकारणातपण पार्टी, कोर्टातपण पार्टी."

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वर्गातल्याच आवाजात सांगितलं, "मूळ शब्द लॅटिन. अर्थ, वाटणे, भाग करणे. फ्रेंचातून इंग्रजीत आला. आधी भाग, मग बाजू, मग एका बाजूची माणसं. जमून खाणारी माणसं फार नंतर."

बांधापलीकडून आवाज आला, "मग आमची पार्टी सहा वर्षांमागंच झाली की. तहसीलात."

पाहुणे खाली बघून कणसं चोळू लागले. माझ्या हातातलं कणीस गार झालं. ही माहिती घरीच ठेवायला हवी होती.

बाळू आगटीतली कणसं उलटवू लागला. मग भावाकडे न बघताच म्हणाला, "त्या पार्टीत खायला कुठं काय होतं?"

अण्णांनी गोफण खांद्यावर टाकली.

"चटणीत मीठ तरी हाय का?" अण्णांनी विचारलं.

"येऊन बघावं."

अण्णा बांध ओलांडून आले. चटणी चाखली. "कमी हाय," म्हणाले. बाळूनं मीठ आणून दिलं. यापलीकडे दोघं एक शब्द बोलले नाहीत, पण कणसांची टोपली दोघांनीच संपवली.

निघताना बाळूनं हुरड्याचं पुडकं दिलं. वाटेत अण्णांनी थांबवून आपल्या रानातलं वेगळं दिलं.

नांदेडला घरी आल्यावर दोन्ही पुडकी एकाच परातीत ओतली. शब्दाचा अर्थ मी बरोबर सांगितला होता, जागा चुकली होती. आणि त्याचं आता वाईट वाटत नव्हतं. शेजारणीनं मूठभर हुरडा तोंडात टाकून विचारलं, "कुणाच्या रानातला?"

म्हटलं, "मावशीच्या."