शिवणाची पिशवी घेऊन खारीला

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी भाईंदर पश्चिमेहून सकाळी निघाले, पेणकरपाड्याला थांबले, खारी गावाला पोचले आणि दिवेलागणीला घरी परत आले. तरीही लिहिणार आहे. एवढं सामान मांडीवर घेऊन आणि जीव मुठीत धरून लडाखला कोणी गेलं असेल, असं मला नाही वाटत.

आधी माझी अडचण सांगते. बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. इमारत पुनर्विकासात गेली आणि दुकानही गेलं. तेव्हापासून कापड बेतते घरच्या जेवायच्या टेबलावर. शिवते पेणकरपाड्याला, शबानाभाभीच्या कारखान्यात, कारण मोटारीवर चालणाऱ्या मशीनचा आवाज आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दुपारच्या झोपेला मानवत नाही. फिटिंग पाहते गिऱ्हाइकाच्या घरी. जुनी गिऱ्हाइकं फोनवर गोड बोलायची, "दुकान घेतलंत की सांगा हं," आणि ठेवून द्यायची. खारीच्या प्रणालीचा हळदीचा ब्लाउज ही दुकान गेल्यानंतरची पहिली लग्नाची ऑर्डर. ती जमली तर असंच फिरून काम करायचं आणि फसली तर कुठल्या तरी कंपनीत कटिंगला बसायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून पिशवी. जुन्या सोफ्याच्या कापडाची, मीच शिवलेली. सोडली की चटईसारखी पसरते आणि आत प्रत्येक वस्तूला तिची जागा. मोठी कात्री जाड खिशात, टोक खाली. मग टेप, खडू, टाचण्या, शिवण उसवायचं रिपर, खालच्या दोऱ्याची बॉबिन आणि ती बसवायची बॉबिन केस. घरगुती मशीनच्या सुया एका खिशात, कारखान्याच्या मशीनच्या दुसऱ्या, कारण एकाची सुई दुसऱ्याला चालत नाही. शेवटचा खिसा कातरणींचा. गिऱ्हाईक ब्लाउज अंगात घालून आरशासमोर हसेपर्यंत त्याचा उरलेला तुकडा मी टाकत नाही. नवरा या पिशवीला 'ऑपरेशन थिएटर' म्हणतो. म्हणू दे.

रिक्षात ती मांडीवर घेऊन बसले.

"मॅडम, पीछे रख दो ना, आराम से बैठो," रिक्षावाला म्हणाला.

"नको भैया, गड्ढे में सब मिक्स हो जाएगा. कैंची भी है."

त्यानं कात्रीचा भलताच धसका घेतला. पूल ओलांडून मीरा रोडच्या बाजूला लागलो तरी प्रत्येक खड्ड्यानंतर मागे वळून "कैंची ठीक है ना?" असं विचारत होता. माझी चौकशी त्यानं एकदाही केली नाही.

पेणकरपाडा म्हणजे एकेकाळचा पाडा. आता बैठ्या घरांच्या डोक्यावर इमारती उभ्या आहेत आणि गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की कोणी मागे जायचं यावर चर्चासत्र भरतं. शबानाभाभीचा कारखाना त्याच गल्लीत, तळमजल्यावर. पाच-सहा मशीनं सतत घरघरत असतात आणि टेबलावर ठेवलेली वस्तू सार्वजनिक होते. माझ्या सगळ्या हत्यारांना लाल दोरा बांधलाय तो त्यामुळेच.

"आ गई चलती-फिरती दुकान!" भाभीनं हाक मारली. चहा आला, नानखटाई आली. मला फक्त हूक लावायचे होते. आदल्या दिवशी मी तिथे शिवून ठेवलेल्या ब्लाउजचं पुढचं काम तिनं आपणहून करून ठेवलं होतं. "मैंने इंटरलॉक भी मार दिया. अंदर से देखो, एकदम शोरूम!" आतून खरोखर देखणा दिसत होता. मी तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि हूक लावून निघाले.

खारीच्या वाटेवर इमारतींच्या फटीतून मिठागराचा पांढरा तुकडा दिसला आणि गेला. गावात शिरताना पत्ता विचारावा लागला नाही. मांडव, स्पीकर आणि एकसारख्या पिवळ्या साड्यांतल्या बायका, सगळं लांबूनच दिसत होतं. प्रणालीची आई, हौसाकाकू, दारातच भेटल्या.

"आली गो बाय! पयले वडे खा, मंग काम."

तांदळाचे गरमागरम वडे होते, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ. मी ते बोटं चाटत खाल्ले. माझी ऐट त्या वेळी बघण्यासारखी होती. मांडवात धवलारीण आजी बसल्या होत्या. (धवलारीण म्हणजे लग्नात धवले, म्हणजे लग्नगीतं, गाऊन विधी करणारी बाई.) त्यांनी हाक मारली की नवरीला हळदीला बाहेर न्यायचं, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

प्रणालीनं ब्लाउज चढवला. हूक आणि फासे यांची काही भेट होईना. मधे चांगलं दोन बोटांचं अंतर.

"प्रणाली, केळवणं किती झाली गं?"

ती रडवेली झाली. उत्तर काकूंनी दिलं. "सगली भावकी झाली. बोलावल्यावर जायला नको? न्हाय बोललं तर लोकांना राग येतो."

मापं घेतली होती केळवणांच्या आधी! नवरीचा ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं, आणि म्हणूनच बाजूच्या शिवणीत आत बोटभर कापड सोडायचं असतं. मी सोडलं होतं. "उसवते आणि वाढवते, काळजी नको," असं ऐटीत म्हणून ब्लाउज उलटा केला, तर आत सोडलेलं कापडच नाही. शिवणीची कड गुंफणाऱ्या इंटरलॉकच्या मशीनला जादा कापड छाटणारं पातं असतं. भाभीनं मायेनं जे शोरूम केलं होतं, त्यात माझं बोटभर कापड साफ छाटलं गेलं होतं, आणि कौतुकाच्या भरात मी ते पाहिलंच नव्हतं.

"दुकानात नेऊन करून आना ना पटकन," एक मावशी म्हणाल्या. दुसरीनं विचारलं, "कुटं हाय यांचं दुकान?" खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. बाहेरून धवलारीण आजींचा आवाज आला, "नवरी तयार हाय का गो?"

मी जमिनीवर पिशवी सोडली. "काकू, घरात मशीन आहे?"

होतं. काळं, हातानं फिरवायचं, गोधड्यांच्या ढिगाखाली गेलेलं. सुई गंजलेली, बॉबिन केस बेपत्ता. मी सुई बदलली, माझी बॉबिन केस बसवली, तेलाचे दोन थेंब सोडले आणि चाक फिरवलं. कुरकुरलं, मग फिरलं. मावश्या बघायला गोळा झाल्या. कातरणींच्या खिशातून प्रणालीच्या ब्लाउजचा हिरवा तुकडा काढला. दोन्ही बाजूच्या शिवणी उसवल्या, बगलेपासून कमरेपर्यंत निमुळत्या पट्ट्या कापल्या, टाचल्या आणि टीप मारायला घेतली. कच्चा टाका घालायला वेळ नव्हता. कोणी कात्री मागितली, कोणी खडू उचलला, तरी माझा हात ज्या खिशात जाई तिथे हवी ती वस्तू मिळत होती. इतकं सरळ काम माझ्या दुकानातही कधी झालं नव्हतं.

प्रणालीनं ब्लाउज चढवला. सगळे हूक लागले.

"हात वर कर."

तिनं दोन्ही हात वर केले, गिरकी घेतली आणि हसली. "काकी, आधीच्या मापात तर मला नाचतापण आलं नसतं!"

जोड कुठे आहे ते मावश्यांनी वाकून शोधलं. मीच दाखवला, कारण मला तो दाखवायचाच होता. तेवढ्यात आजींची हाक आली आणि नवरी वेळेवर बाहेर गेली. हौसाकाकूंनी माझे दोन्ही हात धरले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता.

मी पिशवी गुंडाळून मांडवाच्या कडेनं निघाले, तर धवलारीण आजींनी थांबवलं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"तूच का गो ती? दुकान न्हाय ना तुजं?"

"नाही आजी. जे आहे ते या पिशवीत."

"मंग बस जरा."

धवल्यात घरच्यांची नावं घेतात. मामा झाला, आत्या झाली, आणि त्यांच्या मागोमाग आजींच्या खणखणीत आवाजात 'पिशवीवाली शिंपीण' आली. सगळा मांडव माझ्याकडे वळून हसला. मला पळून जावंसं अजिबात वाटलं नाही.

परतताना रिक्षात विचार करत होते. दुकान गेलं तेव्हा मला वाटलं होतं, माझं काम त्या चार भिंतींत होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. ते माझ्या हातांत होतं आणि हात तर मी कुठेही नेऊ शकते. शबानाभाभीला फोन करून सगळं सांगितलं. आधी ती "या अल्लाह" म्हणाली, मग इतकी हसली की मागची मशीनं थांबल्याचं मला ऐकू आलं. बाजूच्या शिवणीला यापुढे मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

घरी चहा टाकला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर होता आणि मागे खारीच्या मांडवातला स्पीकर दणदणत होता.

"पिशवीवाल्या शिंपीणबाई बोलतात का?"

"हो," मी म्हटलं, "तीच बोलतेय."