फळीपलीकडची मावशी

मावशी कुणालाही नुसतं जाऊ द्यायची नाही. म्हणजे अडवायची नाही, पण दुबईतल्या देरामधल्या आमच्या त्या फ्लॅटमधून कुणी खोली सोडून निघालं, बॅगा लिफ्टपर्यंत गेल्या, की ही हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात यायची आणि एकेकाला नावानं हाक मारायची. "चल गो जॉय, चल." "चल रे बशीर, यल्ला, मागे राहू नको." जॉय फिलिपिनो, तिला काय कळणार, ती आधी हसली आणि मग मावशीच्या गळ्यात पडून रडली. बशीर तर टॅक्सीत बसलासुद्धा होता, तरी हिनं बाल्कनीतून हाक मारली आणि खालची सगळी माणसं वर बघायला लागली. मी विचारलं, हे काय गं मावशी? तर म्हणाली, "सामान बरोबर जातं बाय. माणूस निम्मं मागे राहतं. त्याला बोलवून न्यावं लागतं."

मला ते ऐकूनच कसंतरी झालं, कारण मला भीती वाटायला काही लागत नाही. मी सांगलीकडची, शाळा नववीपर्यंत, लग्नाआधी एकटी तालुक्याला गेले नव्हते आणि एकदम इथं. हे दिवसभर कामावर, लेक आर्वी तेव्हा मांडीएवढी, आणि आमचं घर म्हणजे एका हॉलच्या मधे प्लायवूडची फळी ठोकलेली, अलीकडे आम्ही, पलीकडे मावशी. ती कोकणातली, एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे करून द्यायची, कधी आली, कुणाबरोबर आली, कुणाला माहीत नव्हतं, फ्लॅट भाड्यानं घेऊन आम्हाला खोल्या देणारा भाई म्हणायचा की मी आलो तेव्हा ती होतीच. सगळे तिला मावशी म्हणायचे, तो बशीरसुद्धा. मी पहिल्यांदा अहो मावशी म्हटलं तर लाटणं उगारलं. "मावशीला कोण अहो म्हणतं गो? मी काय तुझी सासू?"

पहिल्या आठवड्यात मी दुपारी तोंडात पदर घालून रडत होते, आवाज नको व्हायला म्हणून, आणि फळीवर टकटक झालं. मी दचकले, गप्प बसले. परत टकटक. मग पलीकडून आवाज, "जेवलीस का?" मी म्हटलं नाही. "मग जेवून रड." आणि फळीच्या वरच्या फटीतून एक भाकरी आली, कागदात गुंडाळलेली, आत सुकटीची चटणी. तेव्हापासून रोज दुपारी टकटक आणि जेवलीस का. मी जेवलेली असले तरी विचारायची, मी नसले जेवलेली तर तिला माझ्या आवाजावरनंच कळायचं. लिफ्टची मला भीती होती तर ती माझ्याबरोबर वर-खाली करायची, कारण नसताना, आणि आरशात बघून म्हणायची, "बघ, चार बाया आहेत, कशाला घाबरतेस?"

मग मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि सगळं बदललं. ह्यांच्या कंपनीत एक स्कीम आहे, ज्याची फॅमिली वाढते त्याला मोठं घर घ्यायला भाड्याची मदत मिळते, पण घर स्वतःच्या नावावर पाहिजे, इजारी पाहिजे. इजारी म्हणजे भाड्याचा सरकारी कागद, आणि फळीमागच्या खोलीची इजारी कोण देणार? तो कागद नसला तर बाळाचा व्हिसासुद्धा अडणार होता. म्हणजे मी दोन्ही पोरं घेऊन गावी जायचं आणि हे इथं एकटे, आणि असे एकटे राहिलेले मी त्या फ्लॅटमधे बघत होते की, वर्षानुवर्षं फोनवरनं पोरांशी बोलणारे. मला घर मिळालं नाही तर काय ह्याची भीती वाटायची, आणि मिळालं तर मोठ्या घरात मी एकटी काय करू ह्याचीही वाटायची. हे मावशीला सांगितलं तर म्हणाली, "दोन्हीची वाटते ना? मग मोठं घर घे. घाबरायला जागा तरी मिळेल."

ह्यांना सुट्टी नव्हती म्हणून घरं बघायला मावशीच यायची, डबे पोचवून, घामेजलेल्या साडीत. भाडं ऐकून मी मनात रुपये करायचे आणि मनातच खाली बसायचे. मावशी भाडं विचारायचीच नाही, ती भिंतीवर टकटक करायची. एजंट म्हणायचा, "आंटी, काँक्रीट है, एकदम सॉलिड." ही म्हणायची, "सॉलिड है, पर बात नहीं करता." एका घरात तर ती हॉलच्या मधोमध मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि उठून म्हणाली चल. काय झालं विचारलं तर म्हणाली, "एसी चांगला नाही." आणि मी मनात काय काय समजून बसले होते!

शेवटचं घर डिस्कव्हरी गार्डन्समधलं. स्कीममधे बसत होतं, बाहेर झाडं होती, आर्वी पळायला लागली. आणि किचनच्या दाराच्या चौकटीवर मला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या, एकावर एक, प्रत्येक रेघेपुढे इंग्रजीत रूही, रूही, रूही. आर्वी तिथं जाऊन उभी राहिली तर सगळ्यात वरची रेघ बरोबर तिच्या डोक्याला लागली. त्याच्या वर काही नव्हतं. मी आर्वीला ओढून जवळ घेतलं. एजंट म्हणाला, "वो फॅमिली जल्दी में गयी. साहब का जॉब चला गया था. पेंट करवा देंगे, नो प्रॉब्लेम." मावशीनं त्या रेघांवरनं हात फिरवला, चप्पल घातली, बाहेरच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आत तोंड करून म्हणाली, "चल गो रूही. आई वाट बघते. चल बाय." एजंट मोबाइलमधे बघायला लागला. एसीचा वारा असेल, पण किचनचं दार हळूच हललं, मी बघितलं. मावशी म्हणाली, "आता घे. आता रिकामं झालं."

आमची इजारी व्हायच्या सुमाराला देराच्या बिल्डिंगमधे तपासणी येणार असं कळलं आणि भाईनं सगळ्यांना सांगितलं, फळ्या काढायच्यात, खलास, आपापलं बघा. मी ह्यांच्या मागे लागले की मावशीला घेऊन जाऊ, हॉलमधे झोपेल, बाळंतपणात मदत होईल. ह्यांनी ऑफिसात विचारलं, तर घरात राहणाऱ्यांची नावं द्यावी लागतात आणि स्कीममधे फक्त बायको-पोरं. हे म्हणाले, "रेश्मा, मावशीसाठी मदत बंद झाली तर तुलाच गावी जावं लागेल." मला मावशीला सांगायला तोंड नव्हतं. पण फळीच काय ती मधे, तिनं ऐकलेलंच होतं. टकटक झालं. "मी कुठं येतेय? तुमच्या त्या घराला बोलता येत नाही. माझं होईल इन्शाल्ला. तू जेवलीस का?"

निघायच्या दिवशी पिकअपवाला खाली हॉर्न मारत होता. मावशी दारात आली, लाटण्यासकट. "चल रे सचिन." हे लाजले, पण थांबले. "चल गो आर्वी. चल रेश्मा." मग माझ्या पोटावर हात ठेवला, पीठ लागलेला, आणि म्हणाली, "आणि तू रे, अजून नाव नसलेल्या, तूही चल, मागे राहू नको." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती तिथंच उभी होती. आरशात मी बघितलं तर आम्ही तेवढेच होतो, तरी किती जण वाटलो.

नवीन घरात पहिल्यांदा मला माझ्याच चपलांचा आवाज आला. आर्वी दुपारी भिंतीशी जायची आणि टकटक करून कान लावायची. "मम्मा, नोबडी इज आन्सरिंग." मी म्हणायचे, मावशी झोपली असेल. मुलगा झाला, व्हिसा झाला, ह्यांच्या पगारात भाड्याची मदत आली, सगळं ठरल्यासारखं झालं. बारशाला मावशी येणार होती. मी फोन लावला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद, मग बंदच. भाईचाही लागेना. बशीर म्हणाला ती शारजाला गेली, जॉयनं कुणाकडनं तरी ऐकलं होतं की दवाखान्यात होती, खालचा किराणावाला म्हणाला इंडियाला गेली. आणि त्याच दिवसांत एका दुपारी बाळ झोपलेलं, आर्वी शाळेत, आणि हॉलच्या भिंतीवर टकटक झालं.

हे म्हणतात एसीचा पाइप आहे. असेल. पण पाइप जेवणाच्याच वेळेला कसा वाजतो?

मी बाळाला घेऊन, आर्वीचा हात धरून देराला गेले, एकटी, मेट्रोनं. वॉचमन ओळखीचा, त्यानं फ्लॅट उघडून दिला. आत फळ्या नव्हत्या. एवढा मोठा हॉल, फरशीवर नुसत्या रेघा, इथं आम्ही, इथं मावशी, आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर तेलाचे शिंतोडे आणि कॅलेंडरचा खिळा. मला कळेना मी कुठल्या बाजूला उभं राहू. मग मी चप्पल घातली, दारात गेले, आत तोंड केलं आणि तोंड उघडलं, आणि मला काही येईना. नाव काय घ्यायचं? ती सगळ्यांना नावानं न्यायची आणि तिचं नाव आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. वॉचमन म्हणाला, "किसको बुला रहे हो, भाभी?" मी म्हटलं, "मावशी, चल. मागे राहू नको. चल गो."

येताना मेट्रोत बायकांच्या डब्यात आर्वीनं शेजारची सीट धरून ठेवली. एक बाई बसायला आली तर म्हणाली, "समबडी इज सिटिंग हिअर." त्या बाईनं सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती उभीच राहिली.

ती आली की नाही मला माहीत नाही. जिवंत आहे, कुठल्या तरी फळीमागे भाकऱ्या थापत असेल, असंच मी धरून चालते. किचनच्या चौकटीला पेंट दिलाय, तरी दुपारच्या उन्हात त्या रेघा दिसतात आणि आर्वीचं डोकं आता त्यांच्या वर गेलंय. टकटक अजून होतं. आधी मी बाळाला उचलून बेडरूममधे पळायचे आणि दार लावून घ्यायचे. आता पळत नाही. जिथं असेन तिथनं मोठ्यानं सांगते, "जेवले गं मावशी."

आणि जेवले नसेन तर उठून जेवते, कारण तिला आवाजावरनं कळतं.