रॅकखालची जागा

हुबळीत गोकुळ रोडवरच्या आमच्या गोदामात जमिनीवर पाऊल ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा छतापर्यंत लोखंडी रॅक उभारायला एक वेल्डर आला. खांब उभा राहिला की बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारायचा. प्रत्येक वाक्याला "व्हय की न्हाई अण्णा?" जोडायचा, उत्तराची वाट मात्र कधी पाहायचा नाही.

काम संपलं. हमाल मिरचीची पोती वर चढवायला लागले, तेव्हा त्यानं बायकोला आणून रॅकखाली बसवलं. ती निमूट पदर सावरून मेथी निवडू लागली.

मी ओरडलोच, "अहो, हे काय चाललंय?"

"आमची रीतच हाय अण्णा. काम माझं, तर खाली बी माझंच माणूस. व्हय की न्हाई?"

वर पोती दणादण आदळत होती. लोखंड एकदा करकरलं.

"अक्का, उठा आधी!"

"असू द्या अण्णा," ती वर न बघताच म्हणाली, "मीच बसते की दरवेळी."

मी त्याला झापायला वळलो. तो तिथं नव्हताच. रस्त्यापलीकडे, गोदामाकडे पाठ करून, दोन्ही कानांवर हात दाबून उभा होता.